पाहुण्यांसमोर सांगितलेलं उत्पन्न

थोरल्या मायाचं लग्न जमलं, त्याच साली धाकटी समीक्षा बारावी पास झाली आणि मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं, नाहीतर घरी बसायचं. शिष्यवृत्तीला वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला हवा होता.

लालासाहेबांचं उत्पन्न म्हणजे माळावरची दीड एकर कुसळं आणि दोन शेळ्या. दाखल्याला याहून लायक माणूस अख्ख्या म्हसवड भागात सापडला नसता. पण तलाठी चौकशीला आला तो नेमका फलटणचे पाहुणे मायाला बघायला आले त्या दिवशी. दारात शेजारच्या बिरदेवाचा ट्रॅक्टर उभा होता, गोठ्यात त्याच्याच जर्सी गाई. शेळ्या घरामागं लपवलेल्या. पाहुणे यायचे म्हटलं की दार असं सजवायचं, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक. तलाठी तेवढा परमुलखातला, नवा.

"ट्रॅक्टर कुणाचा?" त्यानं सोप्यात टेकता टेकता विचारलं.

पाहुण्यांच्या चहाच्या बश्या ओठांपाशीच थांबल्या.

"आपलाच की," लालासाहेब म्हणाले.

"आणि गाई?"

"त्याबी आपल्याच."

"दूध किती निघतं?"

लालासाहेबांनी दाखला आठवून आकडा कमीच धरला. "आसंल धा-बारा लिटर."

आपल्या गाईंचा हा अपमान पाहुण्यांत बसलेल्या बिरदेवाला सोसवेना. "आवं तात्या, लाजताय कशापायी? चाळीस निघतंय की, चाळीस!"

तेवढ्यात घरामागं शेळी ओरडली. तलाठ्यानं मान वर केली.

"ती शेजाऱ्याची," लालासाहेब घाईनं म्हणाले.

पाहुणे खूश होऊन गेले. तलाठीही सगळं लिहून घेऊन गेला. दाखला नामंजूर झाला.

"आत्ताच्या आत्ता जावा आन् खरं काय ते सांगा," बायको विजयमाला म्हणाली.

"आन् फलटणला कळलं तर? माया घरात बसंल."

"मग समीक्षा कुठं बसणार हाय?"

दाराआडून समीक्षाच बोलली, "आक्काचं होऊ द्या, आबा. मी फुडल्या साली जाते."

मायाचं लग्न झालं, अर्जाची मुदत गेली. अक्षता पडल्यावर लालासाहेब तलाठ्यापुढं उभे राहिले.

"सायेब, माझं काय बी न्हाई. ट्रॅक्टर शेजाऱ्याचा, गाईबी शेजाऱ्याच्या."

"मग तुमचं काय?"

"दोन शेळ्या."

"त्या शेजाऱ्याच्या, असं तुम्हीच सांगितलंत."

पुन्हा चौकशी मागितली, तर पंच हवेत. पंचांनी मायाच्या लग्नात जिलेबी खाल्लेली. "एवढं पंगतीला वाढलं आन् तू गरीब कसला रं गड्या?" म्हणून ते सहीला बोट उचलेनात. ऊन-पावसात हेलपाटे घालत लालासाहेबांनी आपली गरिबी वर्षभरात कशीबशी सिद्ध केली.

दाखला आला. समीक्षा तो घेऊन अर्ज भरायला म्हसवडला गेली. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, दाखला वाचला, तिच्याकडं पाहिलं आणि दाखला परत दिला. "आता हा चालत नाही बाळ. आईच्या नावानं नवा काढ. चौकशी पहिल्यापासून होईल."

दाखला आला त्याच आठवड्यात, बेंदराच्या दिवशी सकाळी लालासाहेब वारले होते.