वस्तादांच्या हनुवटीवरची तार

दुपारी कोतात्सूच्या, म्हणजे शेगडीवाल्या बैठ्या मेजाच्या, उबदार रजईत पाय घालून बसल्या बसल्या साके ही तांदळाची दारू बनवणाऱ्या ओबारा वस्तादांचा डोळा लागला आणि स्वप्नात आई आली. वस्ताद सहा वर्षांचे झाले होते. खिडकीबाहेर संथ बर्फ पडत होता आणि आई भातावर नात्तो घालून घास भरवत होती. ते चिकट, उग्र वासाचे, आंबवलेले सोयाबीन! ऑक्टोबरात कारखाना सुरू झाल्यापासून वस्ताद त्यासाठी झुरत होते.

जाग आली तेव्हा त्यांच्या हनुवटीपासून समोरच्या वाटीपर्यंत एक चिकट तार लोंबत होती.

"अहो, लोणचं आणायला आत गेले, तेवढ्यात माझी वाटी साफ?" बायको फुकी म्हणाली.

वस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. नात्तोचा जंतू मुळात मातीतला, गवताच्या काडीवरचा. पोटाला इतका गुणकारी की औषधवाले त्याच्या गोळ्या विकतात. पण साकेच्या कारखान्यात त्याला सक्त मज्जाव. उबेच्या खोलीत शिरला की साकेसाठी तांदळावर मुद्दाम धरवलेली बुरशी नासून नुसता शेंबूड होतो. आणि आजच तिथे स्पर्धेच्या साकेचा तांदूळ पसरलेला! 'हिवाळ्यात नात्तो खाईल तो आठ दिवस बाहेर,' हा नियमही वस्तादांनीच केलेला.

तीनदा आंघोळ करून ते कारखान्याच्या खिडकीबाहेर बर्फात जाऊन उभे राहिले.

"ओरिकासा, खालीवर कर तो तांदूळ! आत्ता!"

जाड भिंतीपलीकडे त्यांचा उजवा हात ओरिकासा आदराने वाकला आणि तांदळाला हात न लावता स्वस्थ बसला. काच धुरकटली. बर्फ कुठे संपतो नि तांदूळ कुठे सुरू होतो, वस्तादांना कळेना. सव्वीस वर्षांची पुण्याई डोळ्यांदेखत विरघळत होती.

"घरी चला," मागोमाग आलेली फुकी म्हणाली. "तांदूळ सगळ्यांचा आहे, सर्दी मात्र तुमची एकट्याची होईल."

तिसऱ्या दिवशी ओरिकासा फाटकाशी आला. लांबूनच त्याने कागदाची पुडी ठेवली. वस्तादांनी त्यातले बुरशी धरलेल्या तांदळाचे चिमूटभर दाणे तोंडात टाकले. गोड, भाजलेल्या चेस्टनटचा वास. असं काम त्यांच्या स्वतःच्या हातून कधी उतरलं नव्हतं. त्यांना आनंद झाला, आणि खोटं कशाला बोला, वाईटही वाटलं.

"छान जमलंय रे," ते म्हणाले.

"तुमच्याच कृपेने, वस्ताद." ओरिकासा घुटमळला. "तांदळाच्या अजून तीन खेपा बाकी आहेत, आठ-आठ दिवसांनी एक."

मग रबरी हातमोजे चढवून, दोन्ही हातांनी, त्याने एक सुबक बांधलेली भेट फाटकावर ठेवली. आत नात्तोची तीन सीलबंद पाकिटं होती.

"आम्हा सगळ्यांकडून," तो म्हणाला आणि कमरेत वाकला.