बिनफोडणीचे नऊ दिवस

"चाळीस दिवसांत पोट आत जाईल आणि लेकीच्या, पुष्पाच्या लग्नात मी बँडसमोर नाचेन! नाही नाचलो तर रुपचंद नाव सांगणार नाही!"

रुपचंदनाना ओट्यावर उभे राहून हे गरजले तेव्हा गल्लीतलं एक कुत्रं तेवढं थांबलं. बाकी कोणी ऐकलं नाही. गावाचं तसंच असतं. ऐकायचं तेव्हा ऐकत नाही आणि नको तिथं बारीक नजर!

झालं असं की मिरच्या वाळत घालायला नाना गच्चीवर चढले आणि त्यांची छाती थ्रेशरसारखी धडधडायला लागली. घाबरून जळगावला गेले. तिथं निसर्गोपचाराचं शिबिर चालू होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "नाना, तुमच्या रक्तात चरबी नाही, चरबीत थोडं रक्त आहे!"

म्हणतील नाही तर काय! बोटभर तर्री नसली तर शेवभाजीची वाटी परत पाठवणारा माणूस. बट्टी तुपात बुडत नाही तोवर वाढणारीला 'बस' म्हणायचं नाही, हा त्यांचा नेमच.

डॉक्टरांनी हा मोठा कागद लिहून दिला. तेल: शून्य. तूप: शून्य. दूध-दही: शून्य. भाज्या उकडून, फोडणी नको. पहाटे दवात अनवाणी चालायचं. गादी सोडून जमिनीवर झोपायचं.

"आणि मी एकटाच नाही," नानांनी बायकोला सांगितलं, "बठ्ठं, सगळं घर हेच खाईल! तुपाचा डबा कुलपात. कढई माळ्यावर!"

बायकोनं, बेबाबाईंनी, कागद स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला आणि दुधी उकडायला ठेवला. पहिल्या दिवशी त्यांनी घास घेतला, गिळला आणि डोळ्यांना पदर लावला. दुधी इतका बेचव होता की खरंच रडू आलं हो!

नेमकी तेव्हाच शेजारच्या सुगंधाबाई विरजण मागायला दारात आल्या. त्यांनी पाहिलं: बेबाबाई रडतायत. ताटात फोडणी नसलेली भाजी. नाना पाटावर नाही, जमिनीवर. विरजण राहिलं बाजूला. आल्या पावली गेल्या.

दुसऱ्या दिवशी नाना पहाटे अनवाणी निघाले. दाढीच्या वेळेला फिरणं, म्हणून दाढी राहिली. पारावर म्हातारे कौतिकआबा बसलेले. त्यांनी नानांच्या पायाकडं पाहिलं, गालाकडं पाहिलं आणि डोक्यावरची टोपीच काढली.

"नाना, हिंमत धरा."

नाना खूश! आबांना कळलं तर. "धरली शे ना आबा. सुरुवातीला जड जातं. मग सवय होते."

"वयच होतं म्हणा."

"वयामुळेच तर! या वयात तूप पचत नाही."

दुःखानं माणूस काहीही बोलतो, असा चेहरा करून आबांनी नानांचा हात दाबला.

तिसऱ्या दिवसापासून तर नवलच! सुगंधाबाई टोपलीभर भाकरी आणि वरण घेऊन आल्या. वरणाला ना हिंग, ना मोहरी, ना तेलाचा थेंब! पाठोपाठ आणखी दोन घरची ताटं. सगळी बिनफोडणीची. "खाऊन घ्या दोन घास," म्हणून बायका खाली मान घालून निघून जात.

नानांचा ऊर भरून आला. "पाहिलं का? माझ्यामुळं गाव सुधरलं! एक माणूस पथ्य पाळतो तर बठ्ठं गाव पाळतं!"

"पण हे लोक हसत का नाहीत?" बेबाबाईंनी विचारलं.

"दुधी खाऊन कोण हसतं?"

हे मात्र खरं होतं.

सहाव्या दिवशी माणसं ओट्यावर येऊन बसायला लागली. पाच-पाच, सात-सात. बोलत नाहीत, बसतात, उसासा टाकतात, उठतात. नानांनी चहा दिला. बिनदुधाचा. काळाकुट्ट. लोकांनी कपाकडं पाहिलं आणि एकमेकांकडं पाहिलं. एकानंही घोट घेतला नाही.

"यांना काय झालं शे?" नाना चक्रावले. माझी तब्येत इतकी वाईट दिसते की काय? आरशात पाहिलं. गाल बसलेले, दाढी वाढलेली. स्वतःलाच स्वतःची दया आली. डॉक्टरांनी आपल्यापासून काही लपवलं असेल का? त्या रात्री जमिनीवरच्या चटईवर त्यांना झोप लागली नाही.

आणि नवव्या दिवशी पुष्पाची सुपारी फुटायची होती! मुलगा सोनगीरचा. नोकरीला, निर्व्यसनी, पुष्पाला मनापासून आवडलेला. मुलाचे वडील रतिलालभाऊ कडक माणूस. त्यांच्याकडं चोपड्याचं एक स्थळ टपून बसलेलंच होतं. इथं जरा खुट्ट झालं असतं की सुपारी तिकडं फुटली असती.

सकाळीच नानांची आई भागाबाई चाळीसगावहून आल्या. धाकट्या लेकाकडं, मगनकडं, त्या दोन महिने मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी होत्या. एका डोळ्याला पट्टी, त्यावर काळा चष्मा. मगननं पाचोरा स्टेशनवरून बैलगाडीत घालून मागच्या दारी आणून सोडलं. गाव शेतात होतं. कोणाच्या नजरेला पडल्याच नाहीत.

दुपारी टेम्पो थांबला. नाना धोतर सावरत पुढं धावले. टेम्पोतून रतिलालभाऊ उतरले. पांढरी टोपी, पडलेला चेहरा. हातात ना नारळ, ना पेढे. मागून सात बायका उतरल्या, तोंडाला पदर लावला आणि गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडला!

"माय वं मनी! आम्हाले सोडीसन कथी गयी वं माय!"

नाना जागच्या जागी दगड. सुपारीला रडतात? धुळ्याकडची रीत असेल? पण इतकं?

आता भागाबाईंचं कसं, की गल्लीत रडू ऐकू आलं की त्या आधी रडतात, मग विचारतात. साठ वर्षांची सवय! पट्टी आणि काळ्या चष्म्यामुळं नीट दिसत नव्हतं, पण आवाजाच्या दिशेनं धडपडत आल्या, पहिल्या बाईच्या गळ्यात पडल्या आणि सातही जणींच्या वर आवाज काढला. अर्धी गल्ली जमली. पाच मिनिटं मनसोक्त रडून झाल्यावर भागाबाईंनी नाक पुसलं.

"बाई, कोन मरनं वं?"

"नानास्नी माय! भागाबाई!"

"अरेरे! चांगली व्हती का?"

"देवमाणूस व्हती म्हणे!"

"व्हतीच!" भागाबाई पुन्हा हुंदका देणार, तोच थबकल्या. "कोणती भागाबाई? नानानी माय तर मी शे!"

सुगंधाबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. कौतिकआबा पारावरून उठले आणि पुन्हा बसले.

"माले कोनी मारं रे?" भागाबाईंनी काठी आपटली.

मग उलगडा झाला. आपल्याकडं घरात कोणी गेलं की सुतकात कढई चढत नाही, फोडणी बसत नाही, शेजारपाजार कडू घास आणून देतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! नऊ दिवस नानांच्या घरातून मोहरी तडतडल्याचा आवाज नाही, वर अनवाणी पाय, वाढलेली दाढी. म्हातारी दोन महिन्यांपासून चाळीसगावला, त्यात ऑपरेशन. गावानं हिशेब लावून टाकला. आणि 'कोण गेलं हो?' असं कोण तोंडावर विचारतं! कौतिकआबा बैल बघायला धुळ्याला गेले, तिथं रतिलालभाऊ भेटले आणि आबांनी म्हातारी गेल्याची बातमी त्यांच्या कानावर घातली.

"अहो, ही जमिनीवर झोप, उकडलेला दुधी, सगळं तब्येतीसाठी हो!" नाना घामाघूम.

रतिलालभाऊंचं तोंड कडूच. "तब्येतीसाठी माणूस खातो नाना, उपाशी मरत नाही. आमच्या बायका उगाच रडल्या. आम्हाला अपशकुन झाला. चोपड्याचे लोक..."

आत पुष्पाचा हुंदका ऐकू आला. नऊ दिवसांत खऱ्या दुःखानं रडणारी ती पहिलीच.

भागाबाई कडाडल्या, "बेबा! कढई काढ! मी जित्ती शे हे बठ्ठ्या गावाच्या नाकाला कळू दे! आणि पहिला घास नाना खाईल. सुतक असतं तर खाल्लं असतं का त्यानं?"

माळ्यावरून कढई उतरली. तेल तापलं. कांद्याची भजी चुर्र करत सुटली आणि नऊ दिवस श्वास रोखून बसलेली गल्ली एकदम मोकळी झाली! सगळ्यांसमोर नानांच्या हातात पहिलं भजं आलं. नानांनी डॉक्टरांना आठवलं. मग पुष्पाकडं पाहिलं. खाल्लं.

"एकानं काय होतं?" रतिलालभाऊ म्हणाले. "अजून खा. खात्री पटू द्या."

नानांनी लेकीच्या सुखासाठी सतरा खाल्ली. शेवटच्या सहांसाठी तर कोणी आग्रहही केला नव्हता.

रतिलालभाऊ हसले. दुकानातून नारळ आला. सुपारी फुटली.

आणि ते चाळीस दिवसांचं पथ्य? ते भागाबाईंनी उचललं. दात नाहीत, त्यांना उकडलेला दुधी फार आवडला. रोज दोन वाट्या खातात.

त्याच संध्याकाळी नाना ढेकर देत स्वयंपाकघरात शिरले तर खिळा रिकामा. "बेबा, डॉक्टरांचा कागद कुठं शे?"

बेबाबाईंनी परातीकडं बोट दाखवलं. ऐन घाईत भजी निथळायला दुसरं काही सापडलं नव्हतं. कागद तेलानं भिजून काचेसारखा झाला होता, आणि डॉक्टरांचं ते किरटं अक्षर आज पहिल्यांदाच स्वच्छ वाचता येत होतं.

तेल: शून्य.