गोदामातला खेळाडू

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या गोदामात ट्रॉलीचं चाक निखळल्याला आठ महिने झाले होते. सत्तर किलोचे गठ्ठे गोदामापासून टेम्पोपर्यंत नेण्याची पर्यायी व्यवस्था म्हणून हमाल गुरुशांत यांच्या पाठीची निवड करण्यात आली होती. व्यवस्था तात्पुरती होती. गुरुशांतने चाकासाठी तोंडी सात आणि लेखी एक अर्ज केला. लेखी अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा मिळाला. तोंडी अर्जांवर तेवढाही नाही.

दरम्यान, जिमना टॉवेल पुरवणाऱ्या पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने कळवलं, की माल पसंत आहे, पण कामगारांचं आरोग्य फोटोत दिसलं पाहिजे. मालक चनबसप्पाशेठ यांनी आठ दिवसांत कारखान्यातच जिम काढली. वजनं आली, ती गुरुशांतनेच पाठीवर उतरवली. सोबत चार चाकांची नवी कोरी ट्रॉलीही आली. लोखंडी चकत्या हाताने उचलून नेणं प्रकृतीला धोक्याचं असतं, म्हणून.

जुळे सोलापुरातून आवेज नावाचा ट्रेनर आला. नोकरी नवीन असल्यामुळे तो प्रामाणिक होता. त्याने पहिल्याच दिवशी फलक लावला: 'इजेचा धोका असलेले व्यायाम. सक्त मनाई. १. पाठ गोल करून जमिनीवरून वजन उचलणे. २. मानेमागे वजन घेणे. ३. वजन घेऊन कमरेत वळणे. ४. झटका देऊन वजन फेकणे. ५. वॉर्मअपशिवाय काहीही.'

गुरुशांतने फलक दोनदा वाचला आणि आवेजला गोदामात नेलं.

"सर, जरा बघा की." त्याने वाकून गठ्ठा उचलला, मानेमागे घेतला, कमरेत वळला आणि झटक्याने टेम्पोत फेकला.

आवेजचा चेहरा उतरला. "अहो भाऊ! पाचही एकदमच करताय तुम्ही!"

"व्हय. रोज शंभर-सव्वाशे येळा."

"आणि वॉर्मअप?"

"घरापास्नं सायकलवर येतो की."

"मग पाचवा नाही धरत," आवेज म्हणाला आणि त्याने अहवालात चारच लिहिले.

शेठनी अहवाल वाचला. मनाई म्हणजे मनाई. गोदामातही तसाच फलक लागला आणि माल भरणं थांबलं. दोन तासांनी टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला, तेव्हा कारखान्यासमोर दोनच मार्ग उरले: चाक बसवणं किंवा नियम दुरुस्त करणं. चाकाला खरेदी समितीची मंजुरी लागते. नियमाला खडू पुरतो. फलकाखाली एक ओळ वाढली: 'नोंदणीकृत खेळाडूंना सूट.'

त्याच दुपारी गुरुशांत खेळाडू झाला. 'हे व्यायाम मी हौसेने व स्वतःच्या जबाबदारीवर करतो' या कागदावर त्याची सही घेतली आणि टी-शर्ट दिला.

"मालक, मग जिमची ती ट्रॉली द्या की."

"ती फक्त व्यायामाच्या साहित्यासाठी हाय."

"आता गठ्ठा बी साहित्यच झाला न्हवं?"

शेठनी कौतुकाने मान डोलावली. त्या गोदामात पहिल्यांदाच कुणीतरी नियमाला धरून बोललं होतं.

"झाला की," ते म्हणाले. "पण साहित्य ट्रॉलीवर ठेवलं, तर तुझा व्यायाम बुडंल की रे!"

चाकाच्या अर्जाचाही त्या दिवशी निकाल लागला. 'खेळाडूच्या सरावात खंड पडेल. नामंजूर.'

तेराव्या दिवशी, त्र्याण्णवाव्या गठ्ठ्याला, गुरुशांतच्या कमरेत कट्कन वाजलं. आवेज धावत आला. त्याने कुणालाही न विचारता जिमची ट्रॉली ओढून आणली, गुरुशांतला तिच्यावर झोपवलं आणि गेटपर्यंत ढकलत नेलं. गुरुशांतने डोळे मिटले होते.

"दुखतंय का भाऊ?"

"लई हलकी चालती हो," गुरुशांत म्हणाला.

साहित्याच्या गैरवापराबद्दल आवेजला मेमो मिळाला.

दवाखान्यातल्या फॉर्मवर कारखान्याने कारण भरलं होतं: 'हौशी व्यायाम.' डॉक्टर चिडले. "या वयात कशाला हे असले नाद? नीट कामधंदा करा की!" आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: 'व्यायाम पूर्ण बंद.'

कारखान्याने डॉक्टरांचा सल्ला तंतोतंत पाळला. खेळाडूंच्या वहीतून गुरुशांतचं नाव कमी केलं, टी-शर्ट परत घेतला आणि दहा दिवसांनी त्याला फक्त काम दिलं. गठ्ठे सत्तर किलोचेच होते, पण आता ते वजन नव्हतं, माल होता. गोदामातला फलकही उतरवला. तिथे आता कुणीच व्यायाम करत नव्हतं.

तो त्र्याण्णवावा गठ्ठा मात्र वेळेत रवाना झाला. त्यातला एखादा टॉवेल आज तुमच्या जिममध्ये तुमच्याच खांद्यावर असेल. मऊ आहे, घाम छान टिपतो. फक्त कधी निसटून खाली पडला, तर जपून. आधी गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, मग सावकाश उचला. पाठीचं काही सांगता येत नाही.