पिराजी इंजिन उतरवतो

"एसटीची इंजिनं उतरवून चढवलीत मी, आक्का! ह्या डब्याला काय भ्यायचं?"

पिराजीनं बाह्या वर सारल्या आणि संयोगिताच्या कॉम्प्युटरसमोर बैठक मारली. खाली वर्तमानपत्र, त्यावर स्क्रूड्रायव्हर, आणि एका चिमुकल्या खोक्यात नवाकोरा प्रोसेसर. एवढे पैसे मोजून आणलेला माल बिस्किटाएवढा! उरलेला भाग द्यायला विसरले की काय, अशी शंका त्याला दुकानातच आली होती.

कॉम्प्युटर बायकोचा. संयोगिता त्यावर लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायची. अर्ध्या पेठेची लग्नं त्या डब्यातून पार पडली होती. गेल्या दिवाळीनंतर ती गेली आणि पिराजी रोज सकाळी तो सुरू करून तिचे फोटो बघायला लागला. पण मशीन म्हणजे घाट चढणारी भरलेली बस! पंखा घुं घुं करायचा आणि फोटो वरून खाली इंचाइंचानं उतरायचा. आधी केस, मग कपाळ. चहा करून, पिऊन, कप विसळून आलं की तेव्हा कुठं हनुवटी दिसायची.

पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "अण्णा, टाका ते डबडं! शनिवारी येतोय मी लॅपटॉप घेऊन. आईचे सगळे फोटो त्यात भरू. भंगारवाल्यालाही सांगून ठेवलंय."

कीबोर्डवरची अक्षरं तिच्या बोटांनी झिजली होती. ती कुठल्या लॅपटॉपात भरणार होता हा?

"इंजिन दमलंय तेवढं, ऋतुराज! ते बदललं की झालं. इंजिन बदललं म्हणून गाडीचा नंबर बदलतो व्हय?"

आणि म्हणून शनिवारी, मुलगा यायच्या आत, हा सगळा घाट!

झाकण उघडलं. पंखा निघाला. जुना प्रोसेसर अलगद बाहेर आला. पिराजीची छाती फुगली. गारगोटीहून आलेली थोरली बहीण शेजारी ताकाचा तांब्या घेऊन बसली होती.

"नवी वस्तू हाय. हळदी-कुंकू तरी लाव की!"

"आक्का, त्याला बोटसुद्धा लावायचं नसतंय!"

"मग तू काय चिमट्यानं धरलाईस?"

पिराजीनं नवा प्रोसेसर डाव्या तळहातावर घेतला आणि आत वाकून बघितलं. हवा जायच्या जाळीत तांबूस धूळ गच्च बसली होती, गोधडीसारखी! वर्कशॉपात असं काही दिसलं की तो हवा मारायचा. हत्यारांच्या पेटीत ब्लोअर होताच. उजव्या हातानं उचलला, तोंड जाळीला लावलं, खटका दाबला.

पुढं जे झालं त्याला स्फोटच म्हणायला पाहिजे!

डब्यातून लालभडक ढग उठला, छताच्या पंख्याला भेटला आणि पंख्यानं तो घरभर वाटला. ती धूळ नव्हती. ती चटणी होती! कांदा-लसणाची, अस्सल! दर उन्हाळ्यात संयोगिता कांडपाच्या डंकावरून चटणी कुटून आणायची आणि इथंच, कॉम्प्युटरशेजारी बसून चाळायची. इकडं लग्नाचा व्हिडिओ तयार होतोय, तिकडं चाळण चाललीय. आणि कॉम्प्युटर बिचारा वर्षानुवर्षं ते नाकानं ओढत बसलेला!

"आऽऽक छी!"

पिराजी शिंकला तो अख्ख्या अंगानं. तळहात उडाला. प्रोसेसर उडाला. आणि 'डुबुक' असा आवाज आक्काच्या तांब्यातून आला.

"ताकात काय पडलं रं?"

"इंजिन पडलं, आक्का! छी!"

तेवढ्यात दारात ऋतुराज उभा. हातात लॅपटॉपचं खोकं. "अण्णा, हे काय चाललंय... आक छी!" खोकं सोफ्यावर, तो जमिनीवर.

समोरची तानाबाई नाकाला पदर लावून धावत आली. "भावजी, गल्ली मारताय काय? माझी म्हैस शिंकायला लागली की!"

मग ती थांबली. पदर काढला. पुन्हा वास घेतला.

"अगं बाई! ही संयोगिताची चटणी! खोबरं जरा करपूस भाजायची ती."

संयोगितानं केलेली शेवटची बरणी पावसाळ्यात बोटानं पुसून संपली होती. चौघंही शिंकत होते, चौघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि कुणी कुणाला कारण विचारायची गरज नव्हती. बाराव्यालासुद्धा चार लोकांत न रडलेला पिराजी ब्लोअर मांडीवर ठेवून चांगला हुंदके देऊन रडला.

"तिखट गेलं डोळ्यात," तो म्हणाला.

"माझ्याबी," ऋतुराज म्हणाला.

ढग बसला. आक्कानं ताकातून प्रोसेसर काढून पदरानं पुसला, पण पिराजीनं हात जोडले. निमूटपणे जुनाच परत बसवला, पंखा लावला, बटण दाबलं. पंखा मांजरासारखा हलकेच फिरला आणि फोटो उघडला. एका दमात! केसांपासून हनुवटीपर्यंत!

ऋतुराजनं जाळीकडं बघितलं, बापाकडं बघितलं. "अण्णा, प्रोसेसरला काय झालंच नव्हतं. जाळी तुंबून गरम होत होता."

पिराजीनं मान खाली घातली. इंजिन उतरवायच्या आधी रेडिएटर बघावा, हे त्यानं वर्कशॉपातल्या प्रत्येक पोराला ओरडून शिकवलं होतं!

"मग भंगारवाल्याला काय सांगू?" त्यानं हळूच विचारलं.

"लॅपटॉप मलाच लागतोय म्हणून सांगा," पोरगा डोळे पुसत म्हणाला.

आक्कानं त्याच ताकाची कढी केली. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजीनं नेहमीसारखा कॉम्प्युटर सुरू केला, फोटोवर माऊस दाबला आणि चहाचं दूध तापत ठेवायला स्वयंपाकघरात गेला. नेहमीसारखा फोटो उतरेपर्यंत निवांत वेळ, असा त्याचा हिशेब. गॅस पेटवून सहज मागं वळून बघितलं, तर संयोगिता हातात चाळण घेऊन हजर! चेहरा लालबुंद, 'फोटो कसला काढताय, चाळू लागा की' असं डोळ्यांत.

"अगं, थांब की जरा! एवढ्या लवकर?" म्हणत पिराजी तिच्यासमोर जाऊन बसला.

आणि तिकडं दूध उतू गेलं.