यंत्रासाठी उतरवलेले केस

लकव्यानंतर समीक्षाच्या सासऱ्यांचा, भागोजींचा, उजवा हात मांडीवर निजूनच असायचा. काठीने चालणं जमत होतं, बोलणं अडखळत होतं. नातवाला, छोट्या हृतिकला, मांडीवर घ्यायला गेले की समीक्षा "नको हं बाबा, घसरेल तो" म्हणत त्याला उचलून न्यायची. मग त्यांचं तोंड बघून तिलाच कसंतरी व्हायचं.

म्हणून तिनेच महाडला उपचार सुरू करवले. डोक्याला ओले स्पंज लावून अगदी सौम्य करंट सोडायचा आणि तेवढ्या वेळात हात हलवायचा.

"उचला, काका," फिजिओथेरपिस्ट दीप्ती म्हणायची.

"करंट... सोडलाय ना? मग मी... कशाला उचलू?" भागोजी अडखळत विचारायचे.

त्यात यंत्र सारखं टीं टीं करून थांबायचं. कारण निघाल्या सासूबाई. चंद्राबाई रोज निघण्याआधी नवऱ्याचं डोकं खोबरेलाने माखत होत्या, आणि तेलामुळे स्पंजातला करंट टाळूपर्यंत पोचत नव्हता. "कोरड्या डोक्यात वीज घालतात. टाळू तापंल नाय तर काय?"

धुऊनही तेल जाईना. भागोजी वैतागून समोरच्या सलूनमध्ये शिरले आणि डोकं साफ करायला सांगितलं. न्हाव्याने सवयीने मिशीही उतरवली.

परतताना चंद्राबाई सुके बोंबील घ्यायला पोलादपूरच्या बाजारात थांबल्या. बाकीचे रिक्षाने उमरठला घरी आले. समीक्षा बाळाला निजवायला आत गेली, भागोजी ओटीवर टेकले. शेजारच्या बनुबाईला गुळगुळीत डोकं दिसलं, मिशी दिसली नाही, आणि चंद्राबाईही दिसल्या नाहीत.

"अगो चंद्रे, अशी कशी गेलीस गो?" तिने टाहो फोडला.

"ना... नाय... ती..." भागोजींची जीभ वळेना.

"रड, मोकळा हो," म्हणत तिच्यामागून धावत आलेल्या म्हाताऱ्या हैबतीने त्यांचा डावा हात घट्ट धरला. बघता बघता अंगण भरलं. समीक्षा धावत बाहेर आली. "अहो, आई बाजारात आहेत," ती सांगत होती, पण त्या रडारडीत ऐकतो कोण.

इतक्यात चंद्राबाई आल्या. दारात माणसं, रडणं, आणि गर्दीत नवरा कुठेच दिसेना. हातातली पिशवी गळाली. "अवो, मला टाकून गेलात?"

भागोजींनी आवाज ओळखला. शब्द फुटेना, हैबती डावा हात सोडेना. तेव्हा माणसांच्या डोक्यांवर एक हात वर आला. वाकडा, थरथरता, पण वर.

उजवा आहे, हे समीक्षाच्याच लक्षात आलं.

"अगो, तू जिती हायस?" बनुबाई मटकन खाली बसली.

चंद्राबाई गर्दीतून नवऱ्यापर्यंत पोचल्या, तो हात गालाशी धरून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी अंगणावर नजर फिरवली. "मी गेले तर एवढीच माणसं? ती खालच्या आळीतली तुळसा कुठं हाय?"

समीक्षा आत गेली ती हृतिकला घेऊनच आली. तिने त्याला भागोजींच्या मांडीवर ठेवलं, उजवा हात त्याच्या पाठीशी लावून दिला आणि खाली आपला तळवा धरून उभी राहिली. भागोजींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

तिने तळवा हळूच काढून घेतला.