टिटवीकाकूंचं गुप्त सल्ला केंद्र

एका जंगलात, बाळांनो, मोठ्यांना एकदम पोरांची काळजी वाटू लागली. तुमच्या घरी परीक्षेच्या आदल्या दिवशी वाटते ना, तशीच.

त्या जंगलाचे प्रमुख होते गवेअण्णा. डोकं मोठं, आवाज त्याहून मोठा. ते सभेत म्हणाले, "वयात येणाऱ्या पोरांच्या नाना अडचणी असतात. त्यांना मोकळेपणानं बोलता आलं पाहिजे. सल्ला केंद्र काढू!"

केंद्र पाणवठ्यावर निघालं. का, तर तिथे सगळ्यांची सदैव वर्दळ असते. सल्लागार म्हणून टिटवीकाकूंना नेमलं. त्यांचा आवाज टेकडीपलीकडे जायचा, त्यामुळे त्यांना फार अनुभव आहे असं सगळे समजत. फलक लागला: 'इथे सर्व काही गुप्त राहील.'

उद्घाटनाला पोरांना बोलावलं नाही. पोरं मध्येमध्ये बोलतात.

त्याच सुमारास तांबू नावाच्या चितळाच्या पोराला शिंगं फुटली. पण ती मऊ, गरम, केसाळ होती. वर ठणकायची. मोठ्या चितळांची शिंगं कशी टणक आणि लखलखीत! तांबूला वाटलं, आपली सडकीच निघाली. आईला विचारलं तर ती म्हणाली, "गप चर."

म्हणून तो केंद्रात गेला. खाली मान घालून कुजबुजला, "काकू, माझी शिंगं... मऊ आहेत."

"काऽऽय? मऊऽऽ?" काकू ओरडल्या. "अहो, ऐकलंत का? तांबूची शिंगं मऊ आहेत होऽऽ!"

पाणवठ्यावरच्या सगळ्या माना वर झाल्या.

"उशिरापर्यंत लोळत असतो मेला," चिखलातून रानडुकरीणमावशी म्हणाली.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," अण्णा म्हणाले. "आमची शिंगं जन्मतःच टणक होती."

अण्णांच्या आई तिथेच पाणी पीत होत्या. त्या नुसत्या खोकल्या.

"लवकर उठत जा, चांगले विचार करत जा," काकूंनी सल्ला दिला. "चला, पुढचा कोण?"

पुढचं कोणीच नव्हतं. रांगेतली पोरं केव्हाच करवंदीच्या जाळीत शिरली होती.

तांबूनं चरणं सोडलं. कळपात जाणं सोडलं. एका दुपारी तो कोरड्या ओढ्यात उतरला आणि एका खडकासमोर उभा राहिला. शिंगं आपटून मोडायची, म्हणजे सुटलो. तो चार पावलं मागे सरला.

"अरे, थांब!"

साळिंदराची पोरगी साळू धावत मध्ये आली. तांबूला रडूच फुटलं. साळू हसली नाही. ती त्याच्या शेजारी बसली. जरा अंतर ठेवून. साळिंदराला तसंच बसावं लागतं.

"माझे काटे गळतायत," ती हळूच म्हणाली. "मी टकली होणार बहुतेक. कोणाला सांगू नकोस हं."

"टिटवीकाकूंना विचारलंस?"

"वेडा आहेस का?"

दोघं खूप हसली. मग साळूनं भुऱ्यादादाला बोलावून आणलं. येताना वाटेत त्याला दोघांचंही सांगितलं. तो शेजारच्या कळपातला चितळ, तांबूहून जरासाच मोठा.

त्यानं शिंगं पाहिली. "माझीही अशीच होती. वर मऊ कातडं असतं, आत रक्त खेळतं. म्हणून तर ती वाढतात. आत्ता आपटली असतीस तर जिवावर बेतलं असतं, येड्या! वाढ पुरी झाली की कातडं गळतं. तेव्हा झाडाला घासायची. थोडं रक्त येतं, घाबरायचं नाही."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," भुऱ्यादादा म्हणाला. "मी फार घाबरलो होतो." मग तो साळूकडे वळला. "आणि तुझ्या आईचे काटे सगळ्या वाटेवर पडलेले असतात. ती टकली आहे का?"

त्या दिवशी तांबू पोटभर चरला. हळूहळू ओढ्यात बाकीची पोरंही येऊ लागली. कोणी बोलायचं, कोणी नुसतं ऐकायचं.

इकडे अण्णांनी आढावा बैठक घेतली. "केंद्रात एकही पोर येत नाही. याचा अर्थ काय?"

"सगळी ठणठणीत आहेत होऽऽ!" काकू म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. केंद्र वाढवायचं ठरलं. मांडव घातला, बसायला मऊ गवत अंथरलं. कोल्हेभाऊ सांगत आले, "अण्णा, तिकडे ओढ्यात पोरं जमतात."

"जमू देत हो," अण्णा वैतागून म्हणाले. "इथे पोरांच्या प्रश्नांवर चर्चा चालली आहे, दिसत नाही? बसा!"

कोल्हेभाऊही बसले. चर्चा अजून चालू आहे.

तात्पर्य: पोरांच्या भल्यासाठी मोठ्यांनी केंद्र जरूर काढावं. मोठे तिथे अडकून पडले, की पोरांना बोलायला बाकीचं रान मोकळं मिळतं.