कलम सात आणि सतरा घरांची चूल

आमच्या आळीत सॉफ्टवेअर विरजणासारखं लावतात. एका कॉम्प्युटरमधून चमचाभर काढायचं, दुसऱ्याच्या कोमट पेटीत सोडायचं आणि वर फडकं झाकायचं. उन्हाळ्यात सकाळपर्यंत लागतं, थंडीत दोन दिवस घेतं. मधे पेटी हलवली तर पाणी सुटतं आणि बाह्यांची मापं चुकतात.

हे ब्लाउज बेतायचं सॉफ्टवेअर. फलटणच्या या आळीत घरटी एक बाई शिवणकाम करते. मूळचं सॉफ्टवेअर माझं, कंपनीकडून रीतसर घेतलेलं. घेताना पडद्यावर चौदा पानी करार आला होता. चष्मा सापडेना, म्हणून मी ‘मान्य आहे’वर बोट ठेवून मोकळी झाले. पुढे नसीमभाभीने वाटी आणली, मी चमचाभर दिलं. तिच्याकडून ते पुढच्या घरात गेलं आणि दोन वर्षांत सतरा घरांत लागलं. शेजारीण वाटी घेऊन दारात उभी असताना चौदा पानं वाचत बसणारी बाई मला तरी माहीत नाही.

मार्चमध्ये कंपनीचे परवाना तपासनीस आले. पाठारे त्यांचं नाव. सतराही पेट्यांवरचं फडकं उचलून त्यांनी वास घेतला आणि माझ्या ओट्यावर येऊन बसले.

“सगळीकडे तुमचंच आहे, भोईटेबाई.”

“विरजण दिलं हो फक्त. तेही तिन्हीसांजेनंतर एकदासुद्धा नाही.”

त्यांनी हे माझ्या बाजूने लिहून घेतलं. मग कलम सात वाचून दाखवलं. परवाना एका कुटुंबापुरता. कुटुंबाबाहेर लावल्यास सगळीकडचं काढून नेणार आणि मूळ परवानाधारकाला पुन्हा कधीच मिळणार नाही.

हाताने बेतायची नजर माझी केव्हाच गेली आहे. सॉफ्टवेअर गेलं की मी घरी बसणार, दुसरं काही मला येत नाही.

“कुटुंब म्हणजे कोण?” मी विचारलं.

“एका चुलीवर शिजलेलं खाणारे सगळे.”

“मग प्रश्नच मिटला. आम्ही सतरा जणी एकाच चुलीवर जेवतो,” मी म्हणाले. असं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

पाठाऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “उद्या दुपारी एक वाजता जेवताना तपासतो. एक जरी कमी भरली तरी कलम सात.”

पंधरा जणी लगेच तयार झाल्या. राहिली नऊ नंबरची तारामती कोकरे. अकरा वर्षांपूर्वी माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांवर तिने गोधडी झटकली होती. तेव्हापासून आमचा अबोला. तिला विरजण मी दिलंच नव्हतं, नसीमभाभीने दिलं होतं. पण मोजताना पेट्या मोजतात, अबोला मोजत नाहीत. मी जीव मुठीत धरून तिच्या दारात गेले.

“उद्या जेवायला ये.”

“अख्ख्या आळीत म्हनालीस, मी गोधडी झटाकली.”

“झटकलीच होतीस.”

“मग न्हाय यायची मी.”

“अगं, तुझंही जाईल की!”

“जाऊ दे. तुजं बी जातंय न्हवं?”

तिने दार लावलं. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात सतरा ताटं मांडली. पाठारे खुर्चीत बसले होते, हातात घड्याळ. एक वाजला. माझ्यासकट सोळा जणी ताटांवर बसल्या, कुणी घास उचलेना. एक वाजून चार मिनिटांनी तारामती आली आणि रिकाम्या ताटावर बसली. बघितलं मात्र तुळशीकडे.

मी उठून तिला वांग्याची आमटी वाढली. तिच्याकडे न बघता वाढताना थोडी तिच्या पदरावर सांडली. तिने तुळशीकडे बघतच पदर झटकला.

“या दोघी एकमेकींकडे बघत नाहीत,” पाठारे म्हणाले. “या नऊ नंबरच्या बाई पाहुण्या दिसतात. पाहुण्यांना कुटुंबात धरता येत नाही.”

त्यांनी वहीत ‘पाहुणी’ असं लिहिलं आणि शिक्का काढला. नसीमभाभीने डोळे मिटले.

तारामतीने भात कालवला. एक घास खाल्ला. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“मीठ कुटाय ह्यात? अन् वांगं कच्चंच उतरवलंस व्हय?”

“एवढं कळतंय तर सकाळी येऊन करायचं होतंस!” मी ओरडले. “आयत्या ताटावर बसायला बरी आलीस!”

“बोलावलंस का नीट?”

“दारात आले होते ना तुझ्या!”

पाठाऱ्यांनी ‘पाहुणी’वर काट मारली, वर ‘कुटुंब’ लिहिलं आणि त्यावर शिक्का उमटवला.

“परवाना वैध,” ते म्हणाले. “मुदत एक वर्ष. चूल मोडली की रद्द.”

तेव्हापासून सतरा घरांचा स्वयंपाक माझ्या अंगणात होतो. मीठ तारामती घालते.